कल्हईचा धूर आणि पिवळी लिंबोणी

तारखा आधी. प्रत्येक तारखेसमोर जबाबदार माणूस लिहिला आहे. हुद्द्यावरून गावात कोणीही त्याला ओळखील. नावे लिहिण्याचे कारण नाही.

चैत्र शुद्ध दशमी : लिंबोणीच्या शेंड्याला पहिले पिवळे पान. त्या दिवशी मी धरलेला जबाबदार : शेजारचा कल्हईवाला.

चैत्र वद्य चतुर्थी : भिंतीलगतच्या दोन्ही मोसंब्या पिवळ्या. जबाबदार : तोच.

वैशाख शुद्ध द्वादशी : गावच्या म्युनिसिपल कमिटीकडे अर्ज. जबाबदार : मी.

वैशाख वद्य पंचमी, म्हणजे आठव्या दिवशी : भट्टी उठवण्याचा हुकूम. जबाबदार : कमिटीचे सेक्रेटरी.

आषाढ, संपूर्ण महिना : काहीही घडले नाही. जबाबदार : मी.

भाद्रपदापासून आजतागायत : माझ्या पाच अर्जांना उत्तर नाही. जबाबदार : सेक्रेटरी.

हे वर्ष आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला त्याच्या पुढचे. तहसील कचेरीतली शिरस्तेदारी संपवून मी घरी बसलो होतो. गाव तालुक्याचे, वैनगंगेपासून कोसभर. घराच्या मागे परसात मी एक लिंबोणी, दोन मोसंब्या, पपई आणि मोगरा लावला होता. पश्चिमेला मातीची भिंत, आणि भिंतीपलीकडे कल्हईवाल्याचे अंगण. त्या अंगणाच्या पुढचा रस्त्यालगतचा पट्टा कमिटीचा. त्यावर त्याच्या बापाच्या वेळेपासून भट्टी चालत आली होती. गावातल्या सगळ्या पितळी भांड्यांना कल्हई तिथेच होई.

मी एकदम कोणावर आरोप ठेवत नाही. पिवळे पान हाती आले त्या दिवशी मी पहिला संशय उन्हावर घेतला, कारण आमच्याकडच्या उन्हाची कीर्ती कोणाला सांगायला नको. परंतु उन्हाने पोळलेले पान कडेला तपकिरी होते आणि बोटात चुरचुरते. हे पान मऊ होते, कडा शाबूत होत्या. शिवाय उघड्यावरची पपई आणि मोगरा दोन्ही हिरवे होते. ऊन सुटले. मग पाणी. आळ्यात हातभर काठी खुपसून पाहिली. माती ओलसर होती, चिखल नव्हता, आणि पाणी मी पहाटे व सूर्यास्ताला घालीत असे, भर दुपारी कधीच नाही. कोळी नावाची बारीक कीड पानाच्या पाठीवर बसते, म्हणून पान पांढऱ्या फडक्यावर घासून पाहिले. फडक्याला लाल रेघ उमटली नाही. माघात दोन टोपल्या कुजलेले शेणखत घातले होते, तेव्हा उपासमारीचा प्रश्न नव्हता. असे एकेकाला सोडत गेल्यावर शेवटी धूर उरला.

भांडे तापवून त्यावर नवसागराची भुकटी टाकली की पांढरा दाट धूर उठतो. उन्हाळ्यातला वारा पश्चिमेचा. मी भिंतीवर एका काठीला चिंधी बांधली आणि पंधरा दिवस चिंधीची दिशा वहीत लिहिली. धूर माझ्याकडे येत होता. सर्वांत पिवळी झाडे भिंतीलगतची होती. शिवाय प्रत्येक पिवळे पान मी कागदावर चिकटवले, त्याखाली तारीख आणि भिंतीपासूनचे अंतर हातांत मोजून लिहिले, आणि कचेरीत पुराव्याच्या कागदांवर घालतात तसा प्रत्येकावर निशाणी क्रमांक घातला. लाल फितीत बांधलेली ती फाइल तयार झाली तेव्हा या कामात चूक राहणे शक्य नाही अशी माझी खात्री होती.

एक गोष्ट मला अडचणीची होती. कल्हईवाल्याच्या भात्यापासून दोन हातांवर, फुटक्या माठाच्या बुडात, त्याच्या बायकोने पुदिना लावला होता, आणि तो पुदिना हिरवागार होता. मी त्याची नोंद केली. समोर शेरा लिहिला : "स्वतःच्या रोपास जपून धूर इकडे वळवितो."

कल्हईवाला माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. भिंतीवरून मी पाहत असलेला त्याला दिसे.

"भाऊ, रोज काय पाहून राह्यले?"

"तुझा धूर."

"पाहा, पाहा. धूर काई पडद्यात राह्यत नाई." भाता थांबवून त्याने घाम पुसला. "सर्दी झाली अशीन तं इकडं येऊन बसा. नवसागरानं नाक मोकळं होते."

"माझी झाडं पिवळी पडताहेत."

"मंग झाडाईले सर्दी नाई, इतलं तं पक्कं."

मला हसू आले नाही. हे उत्तर उडवाउडवीचे आहे असे मी वहीत लिहिले, आणि द्वादशीला अर्ज दिला. त्यातले एक वाक्य मला अजून पाठ आहे : "सदर इसमाचे भट्टीतून निघणारा विषारी धूर वनस्पतीचे जीवितास अपायकारक असून मनुष्यमात्राचे आरोग्यासही धोक्याचा आहे." मनुष्यमात्र मी जोर यावा म्हणून घातले होते. मनुष्यांपैकी कोणाला काही झाले नव्हते.

याच कमिटीला मी पूर्वी तुंबलेल्या नालीबद्दल, बाजारातल्या मोकाट बैलांबद्दल, बुजलेल्या विहिरीबद्दल अर्ज केले होते. एकालाही पोच आली नव्हती. हा अर्ज आठव्या दिवशी मंजूर झाला. मला अभिमान वाटला; शेवटी कोणाला तरी मजकूर समजला असे वाटले. संशय घेणे ही माझी जन्माची सवय, पण ज्या दिवशी तो यायला हवा होता नेमका त्याच दिवशी तो आला नाही.

हुकूम कमिटीच्या चपराशाने कल्हईवाल्याच्या दारावर चिकटवला. त्या वेळी आमच्या आळीत एक वहिवाट होती : कोणाच्याही घरी सरकारी कागद आला की तो माझ्याकडे वाचायला आणायचा. जमिनीचे, जंगलखात्याचे, कोर्टाचे, सगळे कागद माझ्या ओट्यावर येत. तसा तोही आला. कागद दारावरून काढताना वरचा कोपरा फाटला होता, तो तुकडाही त्याने मुठीत आणला होता.

"भाऊ, जरासं वाचून देता का?"

मी वाचला. कमिटीने आपले डोके कुठेही चालवले नव्हते. माझीच वाक्ये जशीच्या तशी उतरवून खाली सही केली होती. विषारी धूर, वनस्पतीचे जीवित, मनुष्यमात्र. पाच दिवसांत भट्टी उठवून गावाबाहेर न्यावी.

तो खाली पायरीवर बसून ऐकत होता. वाचून झाल्यावर त्याने विचारले, "कोनं लिवलं हे?"

"कमिटीनं," मी म्हणालो.

कायद्याने हे उत्तर खरे होते. सही कमिटीची होती. अर्जदार कोण हे हुकुमात नव्हते, आणि जे कागदात नाही ते वाचून दाखवण्याचे बंधन वाचणाऱ्यावर नसते. त्याने कागद घेतला, चार घड्या केल्या, आणि "बरं होते, भाऊ" म्हणून तो गेला. वैशाख वद्य दशमीला त्याने भाता, सांडशा आणि कोळशाचे पोते हातगाडीवर घातले आणि नदीच्या वाटेवरच्या मोहाच्या झाडाखाली नेले. गावापासून तिथे कोणी बाई एवढ्या उन्हात भांडी डोक्यावर घेऊन जाणार नव्हती. हे त्यालाही माहीत होते आणि मलाही.

धूर बंद झाला. झाडे हिरवी व्हायला हवी होती. पंधरा दिवस गेले. लिंबोणीने नवी पालवी काढली आणि ती आधीपेक्षा पिवळी निघाली. मी म्हटले, विष मातीत मुरले असेल. मग वाटले, तो येता-जाता भिंतीवरून काही फेकीत असेल. एक दिवसभर मी खिडकीआड बसून पाळत ठेवली. भिंतीवर एक सरडा आला आणि गेला.

ज्येष्ठात आमच्या मंडळींनी बाजारच्या दिवशी एका माळणीला घरी बोलावले. तिचे माहेर मार्कंड्याकडचे, मंडळींच्याच गावचे. मिरचीची रोपे घ्यायची होती. रोपे उतरवून ती परसात गेली, लिंबोणीसमोर उभी राहिली, आणि मी फाइल घेऊन बाहेर आलो, कारण ज्याला बोलायचे असेल त्याने आधी पुरावा पाहिला पाहिजे. तिने लाल फीत सोडली आणि हसत सुटली.

"बाई, भाऊची कचेरी सुटली पन फाइल नाई सुटली वं!"

मंडळी म्हणाल्या, "तुले हसू येते. आमच्या घरी झोपाले जागा नाई उरली, सारी पानंच पानं."

माळणीने मात्र पाने एकेक करून पाहिली. तिला अक्षरे येत नव्हती. ती देठ चाचपायची, पान उन्हासमोर धरायची. मग तिने सगळे कागद जमिनीवर पसरले आणि माझ्याकडे न पाहता विचारले, "हे पानं झाडाच्या कोन्त्या जागचे? शेंड्याचे का बुडाचे?"

मी म्हणालो, "भिंतीपासून किती हात ते लिहिलं आहे."

"थे नाई विचारून राह्यली. नवं का जुनं?"

ते मी लिहिले नव्हते. तीस वर्षे मी घटनास्थळ आणि तारीख लिहीत आलो. पानाचे वय लिहावे लागते हे मला सुचले नव्हते.

"सारे नवे हायत," ती म्हणाली. "देठ पाहा, कोवळे. झाडावर पाहा, खालचं जुनं पान हिरवं. खताची भूक असती तं जुनं पान पयले पिवळं पडलं असतं. पानी जास्त झालं असतं तं सारं झाडच मान टाकून उभं राह्यलं असतं. इथी नवं पान पिवळं, अना शिरा हिरव्या. जाळं दिसते का, मासोळी धराच्या जाळ्यासारखं?"

दिसत होते. माझ्या प्रत्येक निशाणीवर ते पहिल्या दिवसापासून होते.

"हा धुराचा परिणाम आहे," मी म्हणालो.

"काहाचा धूर?"

"शेजारी कल्हईची भट्टी होती."

तिने हातातले पान खाली ठेवले. "भाऊ, धूर काय नवं पान निवडून निवडून धरते का? जुन्याले सोडून देते, वडीलधारं म्हून? याले जहर नाई झालं. याले उपास घडून राह्यला. जमिनीत हाय सारं, पन तोंडात जात नाई."

मग तिने कमरेचा विळा काढला आणि आळ्यातली वरची माती खरवडली. विळ्याच्या पात्यावर पांढरी खपली आली. तिने ती बोटावर चोळली.

"चुना कोनं टाकला?"

"मी. उधईसाठी."

इथे सांगितले पाहिजे की आमच्या भागात उधई, म्हणजे पुण्याकडची वाळवी, एका पावसाळ्यात दाराची चौकट खाऊन टाकते. झाडाच्या खोडाला चुन्याचा एक पट्टा ओढण्याची रीत सगळीकडे आहे. मी विचार केला की एका पट्ट्याने जे थोडे होते ते बादलीने पुष्कळ होईल.

"कितीक टाकला?"

"दर अष्टमीला, लिंबोणीला एक बादली चुन्याची निवळी. गाळासकट."

"अना भिंतीजवळच्याले?"

"दोन. उधई भिंतीतूनच येते."

माळणीने विळा खाली ठेवला आणि मंडळींकडे वळली. "बाई, भाऊनं झाडाले घर समजून पुताई केली वं! आता दिवाळीले चुना माराची काई गरज पडाची नाई."

तिने सांगितलेला उपाय असा. वरची वीतभर माती काढून फेकायची, चुना कायमचा बंद, आणि चुन्याने अडवलेले लोह झाडाला मिळावे म्हणून शेणखतात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, कालवून थोडे थोडे घालायचे. हिराकस माझ्या घरात होते. कचेरीच्या दिवसांत मी शाई घरी उकळीत असे, त्याची पुडी फडताळात पडून होती.

त्याच दिवशी मी मोहाच्या झाडाखाली जायला हवे होते. गेलो नाही. मी स्वतःला सांगितले की एका बाईच्या म्हणण्यावर निर्णय करणे योग्य नाही. नवे पान हिरवे आले तरच तिचे म्हणणे सिद्ध होईल. माझ्या अर्जाच्या वेळी मला एवढ्या सिद्धतेची गरज वाटली नव्हती. आषाढ सगळा मी पालवीची वाट पाहत घालवला, आणि तो माणूस त्या महिन्यात ताडपत्रीखाली ओला कोळसा फुंकीत होता.

श्रावणात लिंबोणीला पान आले. हिरवे, गर्द, शेंड्यापर्यंत. भिंतीलगतची एक मोसंबी मेली होती, दुसरी सावरली. ते पान मी तोडले नाही, चिकटवले नाही, त्यावर क्रमांक घातला नाही. माझ्याविरुद्ध तो पुरावा जागच्या जागी पुरेसा होता.

पोळ्याच्या आधी मी नदीच्या वाटेने गेलो. तो एका पातेल्यात कथील फिरवीत होता. मला पाहून उठला नाही.

"या, भाऊ. कागद लिवून आनला का? मले वाचता येत नाई. तोंडानंच सांगा."

मी बसलो. तोंडाने सांगणे मला जमत नाही हे त्याला माहीत असावे. चुना, अष्टमी, माळण, हिराकस, सगळे सांगितले. शेवटी म्हणालो, "तो अर्ज माझा होता."

"मले तवाच समजलं होतं."

"कसं?"

"दुसऱ्याचं लिवलेलं वाचताना मानूस कुठीतरी अडकते. तुम्ही एका जागीबी नाई अडकले." त्याने पातेले पाण्यात बुडवले, ते सूं करून वाजले. "मनात म्हटलं, भाऊ सांगन आता. मी पायरीवर जरा जास्तच बसलो होतो."

मी समोरच्या भांड्यांकडे पाहत राहिलो. कल्हई झालेल्या भांड्यांत एक पातेले माझ्या ओळखीचे होते. काठावर माझ्या सासऱ्यांचे नाव कोरलेले होते. गावात इतरांकडे कल्हई उडालेल्या भांड्यांत कढी कळकत असल्याच्या तक्रारी मी महिनाभर ऐकत होतो. आमची कधी कळकली नाही याचा मी विचारच केला नव्हता.

"बाईनं पाठवलं," तो म्हणाला. "त्या पयल्यापासून पाठवतात. तुमच्या फाइलीत नाई का हे?"

आता तो हसला, आणि मलाही हसू आवरले नाही. पण लगेच तो गंभीर झाला.

"भाऊ, तुमची चूक मातीची झाली. कमिटीवाल्याईची काहाची झाली? नालीसाठी मी माह्या बापासंग कमिटीत जात होतो. माहा बाप मेला, नाली तशीच हाय. अना तुमचा एक कागद गेला, तं आठ दिवसात आले. कोनी येऊन पाह्यलं का तुमचं झाड?"

कोणी पाहिले नव्हते. परसाचे दार माझ्याशिवाय कोणी उघडले नव्हते. "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे," मी म्हणालो, आणि घरी येऊन अर्ज मागे घेत असल्याचा अर्ज लिहिला. त्यात चुन्यासकट सगळे लिहिले. भाद्रपदात तो दिला. उत्तर नाही. दुसरा दिला. तिसरा स्वतः नेऊन सेक्रेटरींच्या हातात दिला.

ते अत्यंत अदबीने वागले. खुर्ची दिली. म्हणाले, "शिरस्तेदारसाहेब, अर्ज मागे घेता येतो, झालेला हुकूम कसा मागे घ्यायचा? आणि खरं सांगू का, तुमचा मजकूर इतका पक्का होता की चौकशीची गरजच पडली नाही."

माझ्या सगळ्या नोकरीत कोणी माझ्या मजकुराची स्तुती केली नव्हती. ती मिळाली ती अशी. बाहेर पडून मी मुद्दाम आमच्या आळीच्या रस्त्याने आलो. ज्या पट्ट्यावरून विस्तवाचे काम मनुष्यमात्राला धोक्याचे म्हणून उठवले, त्या पट्ट्यावर सुक्या सागाची आणि बांबूची टाल, म्हणजे विक्रीच्या लाकडाची रास, लागली होती, भिंतीच्या वर हातभर. टाल कोणाची हे विचारले तर गावात लोक घशात काही अडकल्यासारखे करतात. माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून मी कोणाचे नाव घेत नाही. पुराव्यावाचून नाव घेतल्याचे काय होते ते मी एकदा पाहिले आहे.

आज या गोष्टीला दोन वर्षे होत आली. त्यानंतर आणखी दोन अर्ज दिले, उत्तर नाही. कल्हईवाला अजून मोहाच्या झाडाखाली आहे. त्याच्या म्हाताऱ्या आईला आता तिथवर डबा नेणे होत नाही. मी माझा अपराध बाजारच्या दिवशी वाचनालयाच्या ओट्यावर उभे राहून, लोकांसमोर, तोंडाने सांगितला. काही हसले, काहींनी पाठ फिरवली, आणि एकाने उधईवर चुना किती घालावा असे विचारले. त्यालाही मी उत्तर दिले. सेक्रेटरी त्या दिवशी बाजारात होते. ते वांगी निवडीत होते.

माझे उत्तर देऊन झाले आहे. आता सेक्रेटरींनी द्यावे. बंद खोलीत, खुर्ची देऊन, माझ्या एकट्यापुढे दिलेले उत्तर मला चालणार नाही. कमिटीच्या पुढच्या सभेत दारे उघडी ठेवून, कल्हईवाल्याला समोर बसवून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगावे : सही करण्यापूर्वी ते झाड कोणी पाहिले होते, आणि त्या पट्ट्यावरची टाल कोणाच्या परवानगीने उभी आहे?